मापाला जुना ब्लाऊज आणू नका

प्रश्न विचारणाऱ्या ताई ४९ वर्षांच्या आहेत, इथेच इंदूरला बँकेत नोकरी करतात. तीन वर्षांत वजन पाचच किलो वाढलं, पण ते सगळं पोटावर आणि दंडावर आलं, असं त्या म्हणतात. जुने ब्लाऊज बाहीला घट्ट होतात आणि गळ्याशी सैल पडतात. चार रेडिमेड कुर्त्या आणल्या, चारही कपाटात पडून आहेत. पुण्याची मुलगी म्हणते, "आई, किती काकूबाईसारखी राहतेस, स्लीव्हलेस शिव." जाऊबाई म्हणतात, "आता हे काय आपलं वय आहे?" डिसेंबरात भाच्याचं लग्न आहे. ताईंना छान दिसायचंय, पण 'वय लपवायला निघाली' असं कोणी म्हणायला नकोय.

ताई, मी ३१ वर्षं इंदूरमध्ये बायकांचे कपडे शिवते आहे. घराच्या पुढच्या खोलीत एका मशीनवर सुरुवात केली, आता हाताखाली चारजणी आहेत. तुमचा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, शब्द तेवढे वेगळे असतात. मी मुलीची बाजू घेणार नाही आणि जाऊबाईंचीही घेणार नाही. त्या दोघी कपड्याच्या प्रकाराबद्दल बोलताहेत आणि तुमची अडचण मापाची आहे. म्हणून लग्नाची खरेदी सुरू करण्याआधी, एकही नवी साडी घेण्याआधी, अंगाचं नवं माप द्या.

आपल्याकडे शिंप्याकडे जाताना पिशवीत 'मापाचा ब्लाऊज' न्यायची पद्धत आहे. तो ब्लाऊज बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचा असतो. बाजूची शिवण एकदा-दोनदा उसवून सैल केलेली असते, हूक पुढे सरकवलेले असतात. शिंपी तोच टेबलावर पसरतो, त्याची छाती, कंबर, उंची मोजतो आणि तसाच दुसरा कापतो. मग अंगावर येतो तो पस्तिशीतला घाट, फक्त घेर आजचा. तो बसत नाही, याचा दोष बायका स्वतःच्या अंगाला देतात.

बहुतेकींची पाळी ४५ ते ५० च्या दरम्यान थांबते. त्याच्या आगेमागे इस्ट्रोजेन कमी होतं आणि जी चरबी आधी मांड्या-नितंबांवर जायची ती पोटाभोवती साठायला लागते. वजनाचा काटा फारसा हलत नाही, पण घाट बदलतो. ब्लाऊज शिवताना मला चार ठिकाणी फरक सापडतो. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर तिशीत साडेनऊ इंच असेल तर पन्नाशीत ते साडेदहा, कधी अकरा होतं. छाती खाली येते, टक, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चिमट्या, मात्र जुन्याच जागी राहतात, आणि त्यांच्यावर रिकामं कापड फुगतं. पाठ रुंदावते, कारण ओट्यापाशी, संगणकापाशी, मोबाईलवर वाकून खांदे पुढे आलेले असतात. पाठ अर्धा-पाऊण इंच वाढते आणि पुढची रुंदी तेवढीच कमी होते. म्हणून पुढचा गळा सैल पडतो आणि खांदा घसरतो. दंड जाड झाल्यामुळे बाही घट्ट होते, पण नेहमीचा शिंपी बाही सैल करताना मुंढाही (बाही जोडतात ती काखेची गोलाई) मोठा करतो, आणि मुंढा मोठा झाला की हात वर केल्याबरोबर सगळा ब्लाऊज वर चढतो. चौथी गोष्ट, पोट पुढे आल्यामुळे ब्लाऊजची पुढची कड उचलली जाते. मागून बरोबर आणि पुढून आखूड.

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी एक शिक्षिका आल्या होत्या, वय ५२. टू बाय टू रुबियाचा, धुऊन धुऊन पांढुरका झालेला ब्लाऊज त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "अगदी असाच हवा." मी म्हटलं, आधी घालून दाखवा. त्या घालून आल्या आणि माझ्याशी बोलता बोलता डावा हात उजव्या खांद्यावर नेऊन पट्टी वर ओढत होत्या. दोन मिनिटांत चारदा ओढली असेल. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, मी तर वर्गातसुद्धा असंच करून राहिले, सवयच झालीय." टकांची टोकं छातीच्या वर दोन बोटं होती. पुढची कड साडीपासून दीड इंच उचललेली. मी तो ब्लाऊज बाजूला ठेवला आणि टेप काढली. पाठ आधीच्यापेक्षा पाऊण इंच रुंद धरली, पुढची रुंदी कमी केली, टक सव्वा इंच खाली आणले, पुढची उंची अर्धा इंच वाढवली. कटोरी, म्हणजे छातीला वेगळी जोडलेली वाटी, काढून प्रिन्सेस कट घेतला, कारण भरलेल्या छातीला त्यात शिवण वरपासून खालपर्यंत सरळ वाहते आणि कापड सगळीकडे सारखं बसतं. कापड तेच, साधं रुबिया. ट्रायलला त्या दहा मिनिटं आरशासमोर उभ्या होत्या आणि एकदाही खांद्याला हात गेला नाही. त्यांनाच ते लक्षात आलं. मग त्यांनी साडी नेसून पाहिली आणि म्हणाल्या, ही साडी मला बरी दिसत नाही म्हणून मी भाचीला द्यायला काढली होती.

माझी आजी शेवटपर्यंत नऊवारी नेसली. विसाव्या वर्षीही तेच लुगडं आणि सत्तराव्या वर्षीही तेच. तिला 'वयाला शोभेल असं काय घालू' हा प्रश्न पडलेला मी कधी पाहिला नाही. मी खूप विचार केला, तेव्हा मला कळलं की न शिवलेलं कापड रोज सकाळी अंगाचं नवं माप घेतं. पोट सुटलं तर निऱ्या दोन कमी होतात, अंग वाळलं तर एक वाढते, कोणाला कळतही नाही. शिवलेला कपडा मात्र शिवला त्या दिवसाचं अंग धरून बसतो. सहावारीत वरून दिसणारा शिवलेला भाग एकच, तो म्हणजे ब्लाऊज. म्हणून साडीत वय चुकीचं दिसत असेल तर दहापैकी नऊ वेळा ते ब्लाऊजमध्ये असतं, आणि कुर्तीत तर सगळंच शिवलेलं.

माप देण्याआधी ब्रा नवी घ्या. हे बोलायला दुकानात संकोच वाटतो म्हणून इथे स्पष्ट लिहिते. वर्षानुवर्षं एकाच नंबरची ब्रा घेणाऱ्या बायका माझ्याकडे रोज येतात. छातीच्या खाली टेप लावून घेर घ्या, मग छातीचा घ्या, आणि दुकानातल्या बाईला दोन्ही आकडे सांगा. आधार देण्याचं काम पट्ट्याचं असतं, खांद्यावरच्या बंदांचं नाही. पाठीमागचा पट्टा वर चढत असेल तर तो सैल आहे, बंद खांद्यात रुतत असतील तर तेही पट्टा सैल असल्यामुळेच. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, म्हणजे इलॅस्टिक सैल झाल्यावर आत सरकायला जागा राहते. ही ब्रा घालून माप दिलंत तर टकाची जागा अर्धा-एक इंच वर येते, आणि तेवढ्याने संपूर्ण ब्लाऊज बदलतो. मग लग्नातही तीच घालायची. माप एका ब्रावर आणि समारंभ दुसरीवर, यात माझे कितीतरी चांगले कापलेले ब्लाऊज वाया गेले आहेत.

आता बाही. जाऊबाई आणि मुलीचं भांडण तिथेच आहे. आपल्याकडची नेहमीची बाही पाच-सहा इंचांची असते आणि ती नेमकी दंडाच्या सर्वांत जाड भागावर संपते. बघणाऱ्याची नजर कडेवर थांबते, म्हणजे जाड भागावर. तीच बाही दहा इंच करा, कोपराच्या जरा वर संपेल अशी, आणि दंडावर दीड इंच सैल ठेवा. हात लगेच सडसडीत दिसतो. स्लीव्हलेस घालायचं असेल तर जरूर घाला, पण ते मुंढ्याचं काम आहे. मुंढा नेहमीपेक्षा अर्धा इंच वर, काखेच्या जवळ कापायचा, म्हणजे पुढे काखेजवळ जे फुगतं ते आत राहतं. खांद्याची पट्टी निदान तीन इंच हवी आणि तिच्या आतून ब्राचा बंद धरायला टिचबटणाची छोटी पट्टी. असं स्लीव्हलेस मी ६३ वर्षांच्या बाईंनाही शिवलं आहे आणि त्यांना ते फार छान दिसलं. मात्र ते पहिल्यांदा लग्नात घालू नका. आधी घरी घाला, मग आपल्या सानंद संस्थेच्या एखाद्या नाटकाला घालून जा. मध्यंतरात तुम्ही पदर सारखा दंडावर ओढत असाल तर समजा, तुम्हाला ते नको आहे. पदराची आठवणच राहिली नाही तर लग्नात खुशाल घाला. मुलगी काय म्हणते आणि जाऊबाई काय म्हणतात यापेक्षा मी तुमचा तो हात काय करतो याच्यावर विश्वास ठेवीन.

गळ्याबद्दल थोडक्यात. हनुवटीखाली भरलेलं असेल, मान आखूड असेल तर बंद गळा आणि बोट नेक टाळा, पुढून साडेसहा ते सात इंच खोल, जरा निमुळता गळा घ्या. मंगळसूत्राची वाटी गळ्याच्या टोकापाशी येते की कापडावर लोंबते हे ट्रायलला बघा. वाट्या कडेच्या अर्धा इंच वर आल्या की गळा मोकळा दिसतो. पाठ खोल हवी तर नऊ इंचांपर्यंत घ्या, पण वर नाडी बांधा, नाहीतर पुढे आलेल्या खांद्यांवरून ब्लाऊज घसरतो.

परकराकडे कोणी लक्ष देत नाही आणि मी मात्र सर्वांत आधी त्याच्याकडे बघते. सुती नाडी पोटात करकचून बांधली की नाडीच्या वर एक वळी आणि खाली एक वळी येते, त्यावर कितीही भारी साडी नेसा. शिवाय त्या जागेची कातडी वर्षानुवर्षं घासून काळी पडते, खाजते. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांच्या केसेस छापल्या होत्या. अनेक वर्षं कंबरेला घट्ट बांधलेल्या परकरामुळे, लुगड्यामुळे तिथे जखम झाली, ती भरली नाही आणि तिचा कातडीचा कॅन्सर झाला. असं क्वचितच होतं, घाबरायचं कारण नाही, पण काळी पडलेली, सोललेली जागा असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि नाडी सैल करा. मी परकराला दोन इंच रुंद पट्टा लावते, पुढे सपाट, मागे इलॅस्टिक, बाजूला हूक. खाली घेर कमी ठेवते. हल्ली साडीखाली घालायचे ताणणारे शेपवेअर मिळतात, ते चापूनचोपून बसतात, पण त्यात मांडी घालून बसता येत नाही, म्हणून रिसेप्शनला चालतील, मुहूर्ताला नकोत. निऱ्या सातआठ बारीक घेण्यापेक्षा पाच-सहा रुंद घ्या आणि बेंबीच्या जरा डावीकडे खोचा. पोटावर थर कमी होतात.

आता त्या चार कुर्त्या. तुम्ही त्या पोटाच्या मापाने घेतल्या असणार. पोटाला सैल म्हणून डबल एक्सएल घेतली की खांद्याची शिवण दंडावर उतरते, मुंढा लोंबतो, आणि बाई थकलेली दिसते. खांद्याला आणि छातीला बसेल तो नंबर घ्या, आणि पोटाकडे बाजूच्या शिवणी उसवून वाढवून घ्या. बहुतेक कुर्त्यांना आत अर्धा इंच कापड असतं, चारही कडा मिळून दोन इंच निघतात. बाजूचा कट कुठे सुरू होतो ते बघा. तो पोटाच्या फुगीर भागावर सुरू होत असेल तर चालताना तिथेच उघडतो आणि कुर्ती अडकते, म्हणून तो तीन बोटं शिवून खाली आणा. लांबी पोटरीच्या जाड भागावर संपू देऊ नका. गुडघ्याच्या जरा खाली, किंवा सरळ नडगीच्या बारीक भागापर्यंत. खाली चुडीदारापेक्षा घोट्यापर्यंतची सरळ सुती पँट. बँकेत आठ तास बसायचं असतं, तेव्हा घालून खुर्चीवर बसा आणि मग ठरवा. उभं राहून सगळंच बरं दिसतं, बसल्यावर कळतं.

कापडाबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण आपण माळव्यात राहतो आणि आपल्या दारात जे आहे ते बाहेरच्या लोकांना शोधत यावं लागतं. या वयात पातळ सिंथेटिक जॉर्जेट आणि क्रेप मी नको म्हणते. ते पोटाला चिकटतं, आत उकडतं. महेश्वर इथून नव्वदएक किलोमीटरवर आहे. अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले, आणि घाटावरच्या, किल्ल्याच्या दगडातली नक्षी साडीच्या काठावर आली. वीट, चटई, हिरा अशी त्या काठांची नावंच सांगतात. महेश्वरीत ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो, म्हणून ती अंगावरून सरळ पडते पण चिकटत नाही, आणि चमक डोळ्यात खुपत नाही. काठ बुगडीचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे पदर उलटला तरी उलटी बाजू दिसत नाही. काठ बहुतेक बारीक असतो. तुमची उंची पाच फूट दोन इंचांच्या आत असेल तर ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण सहा इंचांचा काठ उंची तोडतो. चंदेरीचं निराळं. तिच्या रेशमातला चिकट अंश विणण्याआधी काढून टाकत नाहीत, म्हणून ती पारदर्शक आणि जरा ताठ असते. पोटापासून सुटी राहते हा फायदा, निऱ्या फुगतात हा तोटा. चंदेरी नेसायची तर इस्त्रीच्या निऱ्या आदल्या दिवशी घालून ठेवा आणि परकर साडीच्याच रंगाचा घ्या. धार जिल्ह्यातल्या बागच्या लाल-काळ्या ठशांचं सुती कापड रोजच्या कुर्त्यांना उत्तम. शिवण्याआधी एक रात्र पाण्यात टाका, ते आटतं, आणि नंतर प्रत्येक धुण्याला मऊ होत जातं.

शीतलामाता बाजारात किंवा राजवाड्याजवळ घेताना दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नका. साडी घेऊन दारापर्यंत या, दिवसा या. 'प्युअर कॉटन' सांगून मिसळ कापड विकण्याचा अनुभव मलाही आला आहे, एकदा पूर्ण ताका परत करावा लागला. कडेचा एक धागा काढून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

माझं स्वतःचं एक सांगते. मी ४७ ची होते, पुतणीचं लग्न मे महिन्यात होतं. ब्रोकेडचा ब्लाऊज, आत पॉलिस्टर अस्तर, वर स्पंजचे कप. अक्षता पडत होत्या आणि मला आतून एकदम आग झाल्यासारखं झालं, पाठीवरून पाणी वाहायला लागलं, कानाची पाळी तापली. मला वाटलं भोवळ येणार. एका सुनेने मला खोलीत नेलं, तिचा साधा सुती ब्लाऊज दिला आणि मी तो घालून परत मांडवात आले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की पाळी जायच्या काळात असे गरम झोत येतात. त्या दिवसापासून चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला मी विचारते, तुम्हाला असं होतं का? होत असेल तर भारी कापडालाही अस्तर सुती मलमलचंच, कप काढून टाकायचे, काखेत सुती कापडाचा जास्तीचा थर, आणि हूक पुढे, म्हणजे कोणाला हाक न मारता सैल करता येतात. ताई, तुम्ही प्रश्नात याबद्दल काही लिहिलं नाही. होत असेल तर शिवणाऱ्या बाईला नक्की सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रंगाचं सगळ्यांना वाटतं की वय वाढलं की फिकट नेसावं. मला हे पटत नाही. केस पांढरे व्हायला लागले की चेहऱ्याभोवतीचा काळा रंग कमी होतो, आणि त्याच्याशेजारी राखाडी, बिस्किटी, फिका बदामी आला की चेहरा पुसल्यासारखा दिसतो. तुमचे केस तुम्ही रंगवता की नाही हे मला माहीत नाही, दोन्ही ठीक. रुपेरी ठेवले असतील तर डाळिंबी, जांभळा, मोरपंखी, चिंतामणी, वांगी असे ठाम रंग फार खुलतात. कपाटातली प्रत्येक साडी एकदा सकाळी खिडकीशी नेऊन खांद्यावर टाका, डोळे मिटा, उघडा. आधी चेहरा दिसला तर ती ठेवा. आधी साडी दिसली तर ती खांद्यापासून लांब, म्हणजे दुपट्ट्यात किंवा दिवाणखान्याच्या उशीच्या अभ्र्यात जाऊ दे. एखादा रंग आवडतोच पण चेहऱ्याला मारतो, तर ब्लाऊज वेगळ्या रंगाचा घ्या, चेहऱ्याजवळ ब्लाऊजच असतो.

'वय लपवायला निघाली' ही भीती तुम्ही मनातून काढा. इतक्या वर्षांत मी पाहिलं ते असं, की लोकांच्या डोळ्यांत खुपतं ते ओढाताण. घट्ट शिवण, सारखा सावरलेला पदर, पाय दुखत असताना घातलेली उंच टाच. बाई नीट श्वास घेते आहे, हसते आहे, ताटावर वाकून वाढते आहे, तर तिचा पाठीचा गळा किती खोल आहे हे कोणी मोजत नाही. अंगावर एका वेळी भारी एकच असू दे. ब्लाऊजवर आरी काम आहे तर साडी शांत हवी. साडी पैठणी आहे तर ब्लाऊज साधा, गळ्यात ठुशी पुरे, चपलाहार घरी राहू दे.

लग्नाचं बोलू. तुमच्या स्वतःच्या लग्नातली पैठणी किंवा शालू असेल तर बाहेर काढा, नवी घेऊ नका. आधी घड्या उलगडून पाहा, घडीच्या रेषेवर जरीचे धागे तुटले असतील तर तिथे मागून मलमलची पट्टी लावून घेता येते. जुन्या ब्लाऊजला उसवून वाढवण्याच्या फंदात पडू नका, काठाच्या रंगाचं साधं सिल्क घेऊन नवा शिवा. मुहूर्ताला महेश्वरी, रिसेप्शनला पैठणी, दोन साड्यांत सगळं होतं. इंदूरला डिसेंबरात रात्री चांगला गारठा पडतो, आणि रिसेप्शन हमखास लॉनवर असतं. दरवर्षी मी बघते, चार महिने निवडलेली पैठणी आणि तिच्यावर रात्री नऊ वाजता घरातला तपकिरी स्वेटर. थंडी वाजत असेल तर मखमलीचा पूर्ण बाहीचा ब्लाऊज शिवा, तो पैठणीवर अतिशय सुंदर दिसतो. गरम झोत येत असतील तर मखमल नको, दहा इंची बाही आणि काढता येईल अशी एक चांगली शाल, काठाच्या रंगाची.

चपला दीड इंचापर्यंतच्या, रुंद टाचेच्या. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय दिवसभराच्या उभं राहण्याने फुगलेले असतात, तेच खरं माप. वयाने पाऊल पसरतं, त्यामुळे जुना नंबर सांगू नका. झुमके जड असतील तर कानामागून केसात अडकवायची साखळी लावा, पाळी ओढली जात नाही. चष्मा असेल तर लग्नाच्या आधी फ्रेम बदलण्याचा विचार करा, तो चेहऱ्यावर बारा तास असतो आणि दागिन्यांपेक्षा जास्त दिसतो.

वेळ असा धरा. नवी ब्रा आणि नवं माप नवरात्राच्या आधी, कारण नवरात्र ते दिवाळी कोणत्याच शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते. पहिला ट्रायल दिवाळीचा फराळ संपल्यावर, तेव्हाचंच अंग लग्नात असणार आहे. ट्रायलला परकर, चपला आणि मंगळसूत्र घालून जा, साडी नेसून पाहा, खुर्चीवर बसा, खाली वाका, दोन्ही हात वर करून अक्षता टाकल्यासारखं करा. कुठे ओढलं ते तिथेच खडूने खूण करायला लावा. आणि शिवणाऱ्या बाईला सांगा, बाजूला आत दीड-दीड इंच कापड सोड, मुंढ्याजवळही. पुढच्या दोन वर्षांत अंग परत थोडं बदलेल, तेव्हा तोच ब्लाऊज उसवून बसवता येईल.